जाईबाईच्या नावासमोर

नाशिकमध्ये पेठ नाक्याच्या पुढे, शहराची वस्ती संपून द्राक्षांचे मळे सुरू होत तिथे, पत्र्याच्या छपराची एक लांबट इमारत होती. एका टोकाला वर्गाची मोठी खोली, मध्ये झोपण्याच्या दोन खोल्या, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला भिंत लावून आमच्या दोन खोल्या. शहरातल्या एका महिला संस्थेने ही इमारत भाड्याने घेतली होती. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतल्या पाड्यांवरून आदिवासी बायका आणायच्या, दोन महिने ठेवून घ्यायच्या, त्यांना अर्ज लिहायला, बालवाडी चालवायला आणि सभेत बोलायला शिकवायचे, असे तिथले काम होते. कामाला नाव होते नेतृत्व प्रशिक्षण. माझी आई तिथली अधीक्षिका होती, शिक्षिका होती आणि कोठीची किल्लीही तिच्याच कमरेला असे. वडील ओझरच्या विमान कारखान्यात सुटे भाग तपासत. केसाएवढा फरक निघाला तरी भाग बाजूला काढावा लागतो, हे ते जेवताना सांगत. आई त्यांच्याहून काटेकोर होती. ती डाळ मापून घेई आणि बोलणेही मापूनच बोले.

शिबिर उन्हाळ्यात भरे. शेतात पालापाचोळा जाळायची राबाची भाजणी उरकलेली असे आणि पाऊस यायला अवकाश असे. तेवढेच दोन महिने या बायकांना घरून निघता येई. त्या सावळ घाटातून एसटीने येत. डोक्यावर बोचके, काहींच्या कडेवर मूल. उतरल्यावर आधी इमारतीभोवती एक फेरी मारत, विहीर कुठे, जळण कुठे ते बघत, आणि मगच आत येत. मी ज्या शिबिराबद्दल लिहिते आहे त्यात बावीस जणी होत्या. मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते, आणि घरी बसणे आईच्या हिशेबात नव्हते.

त्या उन्हाळ्याची माझी पहिली आठवण आवाजाची आहे. पहाटे पाचला भिंतीपलीकडे जाते सुरू होई आणि आमच्या फळीवरचे डबे एकमेकांना लागून थरथरत. पहिला आठवडा मात्र हा आवाज नव्हता. संस्थेच्या समितीने ठरवलेल्या शिध्यात गहू, तूरडाळ आणि बटाटे होते, आणि गहू दळून येत असे. बायका पोळ्या करत, थोड्या खात आणि उरलेल्या गुपचूप मुलांच्या हातात देत. दोघींची पोटे बिघडली. आठव्या दिवशी हिरा नावाची तरुण, बडबडी मुलगी वर्गात उभी राहिली आणि नागली, म्हणजे नाचणी, मागितली. दळण नको, जाते द्या, आम्ही दळू, असेही म्हणाली. आईने समितीला चिठ्ठी लिहिली. नागलीची दोन पोती आणि एक जुने जाते आले. मग सकाळी सातपर्यंत नागलीच्या भाकरीचा आणि खुरासणीच्या चटणीचा वास आमच्या खोलीत भरून राही. वडिलांच्या डब्यातही काळपट तांबडी भाकरी जाऊ लागली. कारखान्यात मित्रांनी आधी चेष्टा केली, मग वाटणी मागितली. आज शहरातल्या दुकानांत नागलीची बिस्किटे मिळतात, पुड्यावर पौष्टिक असे छापलेले असते. ती मी घेतली आहेत. त्यांना तो वास नाही.

आईने मला दिलेले काम वहीचे होते. शिबिर संपताना प्रत्येक बाईचा एक छापील फॉर्म समितीला भरून द्यावा लागे. त्यात एक प्रश्न होता: सभेत स्वतःहून बोलते का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही. ज्यांच्यापुढे कधीच नाही असे येई त्यांना हजेरीचा कागद मिळे, प्रमाणपत्र मिळत नसे. अंदाजाने खूण करणे आईला मान्य नव्हते. तिने मोठी आडवी वही आखली. डावीकडे बावीस नावे, पुढे दिवसांचे चौकोन. वर्गात जी बाई उभी राहून बोलेल तिच्या चौकोनात मी रेघ ओढायची. दिवसभरात एकदाही बोलली नाही तर शून्य. मी वर्गाच्या मागच्या भिंतीशी स्टुलावर बसे. टोक काढलेल्या दोन पेन्सिली जवळ ठेवी. हिराच्या चौकोनात रेघा मावत नसत. जाईबाईच्या नावासमोर पहिल्या दिवसापासून शून्य होते.

जाईबाई तिशीची असावी. उंच, हाडापेराने मजबूत, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. तिचा पाडा आंबेपाडा. त्या पाड्यासाठी पावसाळ्यानंतर बालवाडी मंजूर व्हायची होती, पण पाड्यावरच्याच एखाद्या बाईकडे प्रमाणपत्र असेल तरच. नसेल तर बालवाडी नदीपलीकडच्या मोठ्या गावाला जाणार होती. पावसाळ्यात ती नदी चार महिने ओलांडता येत नसे. आंबेपाड्याहून जाईबाई एकटीच आली होती. चार वर्षांची मुलगी सासूकडे ठेवून आली होती. दुसरीपर्यंत शिकलेली होती, आणि वर्गात पाटीवर अक्षरे काढताना जीभ दातांत धरी.

आई रोज एकदा तिला उठवून बघे.

"जाईबाई, उभ्या राहा. नाव सांगा आणि पाड्याला काय हवं ते सांगा."

जाईबाई उभी राही. पदर सारखा करी, जमिनीकडे बघे आणि खाली बसे.

एकदा हिरा म्हणाली, "तिला उभी नका करू बाई. ती उभी राहिली का गावात लोक दारं लावतात."

सगळ्या हसल्या. जाईबाईही हसली. आईला ती थट्टा वाटली, मलाही. मी हिराला रेघ दिली नाही, कारण ती बसून बोलली होती.

आईने स्वयंपाकाच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावला होता: रोज चौघी, नावासह. तो कुणीही पाळत नसे. ज्यांची पाळी त्या असत, पण बाकीच्याही ओसरीवर बसून निवडत, चिरत, मूल सांभाळत. डोंगरात शेतीची कामे सावडीने होतात. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या. त्यांनी तक्त्याचीही सावड केली होती. आईने दोनदा समजावले, मग तक्ता वाऱ्याने फाटला आणि तिने नवा लावला नाही.

सहाव्या आठवड्यात एका दुपारी मी आमच्या खोलीत भिंतीला टेकून वाचत होते. पलीकडे ओसरीवर बायका डाळ निवडत होत्या. बोलणे न्हाणीच्या जागेवरून चालले होते. न्हाणी रस्त्याच्या बाजूला होती, आडोसा नव्हता, आणि मालट्रकवाले तिथे गाडी हळू करत. म्हणून बायका उजाडायच्या आत आंघोळ उरकत. कुणी म्हणाली, बाईंना सांगू. कुणी म्हणाली, बाई काय करणार, समिती पैसे देणार नाही. तेव्हा एक खालचा, सावकाश आवाज आला.

"आडोसा मागू नका. बांबू मागा. तट्ट्या आमी विणू म्हणावं. देणाऱ्याला सोपं पडंल असं मागायचं, मंग त्याला नाय म्हणायला जागा ऱ्हात नाय. हिरा, तू बोल. तुझा आवाज पत्र्याला लागतो."

दुसऱ्या दिवशी वर्गात हिरा उभी राहिली. "बाई, आमाला आडोसा नको, बांबू द्या. तट्ट्या आमी विणू." मी रेघ ओढायला पेन्सिल टेकवली आणि थांबले. ते वाक्य मी आदल्या दिवशी ऐकले होते. आवाज हिराचा नव्हता. मग मला नागली आठवली, दळण नको जाते द्या हे आठवले. तेही देणाऱ्याला सोपे पडेल असेच मागणे होते. त्या दिवशी वर्गात बोलण्याआधी प्रत्येक बाई क्षणभर कुठे बघते ते मी पाहिले. खिडकीखाली जाईबाई बसे. सगळ्या तिकडे बघत.

रात्रीच्या जेवणाला मी हे घरात सांगितले.

आई म्हणाली, "लिहिलंस?"

"नाही."

"मग मी फॉर्ममध्ये काय भरू? भिंतीतून ऐकू आलं म्हणून?"

वडील भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तुम्ही दोघी माप कुठे लावताय ते बघा. भोकाचा व्यास हवा असताना तुम्ही भागाची लांबी मोजली, तर लांबी अगदी बरोबर येईल. भाग मात्र बसायचा नाही."

आईने भाकरी संपवली. ताट उचलताना मला म्हणाली, "उद्यापासून दुपारी ओसरीवर बस."

मी वही घेऊन गेले. ओसरीवर बावीस जणी होत्या आणि मी बसताच बोलणे बंद झाले. तांदळाचे सूप पाखडण्याचा आवाज तेवढा राहिला. मग जाईबाईने एक सूप माझ्याकडे सरकवले.

"वही ठेव, पोरी. तांदूळ घे."

"मला लिहायचंय."

"मंग डोक्यात लिही. हात रिकामा असला का माणूस बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसतं. बोलणारीला लाज वाटती."

मी वही मांडीखाली ठेवली आणि तांदूळ निवडायला घेतले. थोड्या वेळाने बोलणे पुन्हा सुरू झाले, जणू मी तिथे नव्हते. ते रोज सुरू राहिले. एके दिवशी आंबेपाड्याच्या बालवाडीवर आले. पाड्यावर एक म्हातारी होती. ती नातवंडांना पाठवणार नाही, आणि ती पाठवणार नाही म्हणून दुसऱ्या चार घरांतलीही येणार नाहीत, असे जाईबाईने सांगितले. हिरा म्हणाली, "तिला जाऊन समजाव." जाईबाई म्हणाली, "समजावलं का माणूस अडून बसतं. तिला गाणी लय येतात. पोरांना शिकवाया ये म्हणंन. ती आली का नातवंडं तिच्या मागं येतील." हिरा म्हणाली, "अन् गाणी शिकवून शिकवून तीच बालवाडीची बाई झाली तर?" जाईबाई म्हणाली, "होऊ दे. मी पाणी भरीन." त्यावर हशा झाला. माझ्या सुपातून खड्यांपेक्षा तांदूळच जास्त बाहेर पडले होते, तेही कुणीतरी दाखवले.

मी एकदा धीर करून विचारले, वर्गात का बोलत नाही.

"आमच्या पाड्यावं उभं राहून कोण बोलतं? ज्याला भांडायचं असंल तो. बाकी सारं बसून, काम करता करता. बाई रोज म्हणतात, उभी राहा. मी म्हणते, कुणाशी भांडू? बाईंनी माझं काय वाकडं केलंय?"

हिराची थट्टा तेव्हा मला कळली. ती थट्टा नव्हती.

रोज ओसरीवरून उठले की मी घरात येऊन आठवेल तेवढे लिही. पहिल्या दिवशी अर्धे पान झाले. शेवटच्या दिवशी चार. पुढे वर्तमानपत्रात काम करताना सहकारी विचारत, टिपण न घेता एवढे कसे लक्षात राहते. मी त्यांना तांदळाबद्दल कधी सांगितले नाही. आईने सगळी पाने तांबडी पेन्सिल घेऊन वाचली. एका ठिकाणी मी लिहिले होते, जाईबाई हुशारीने म्हणाली. तिने 'हुशारीने' खोडले. "ती काय म्हणाली ते लिही. हुशारी असेल तर वाचणाऱ्याला दिसेल." मी विचारले, आता वहीतली शून्ये पुसू का. ती म्हणाली, "मुळीच नाही. ते तिचं शून्य नाही. तू तेव्हा ऐकलं नाहीस, त्याची ती नोंद आहे. राहू दे."

शेवटच्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षा सुमतीबाई आल्या. त्या वेळेच्या पक्क्या आणि मनाने चांगल्या होत्या. खळीची पांढरी साडी नेसत आणि बसण्यापूर्वी खुर्चीवर रुमाल फिरवत. प्रमाणपत्रांवर सही त्यांची लागे. आईने फॉर्मांबरोबर माझी पाने पुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि आईला म्हणाल्या,

"कमल, हे खरं असेल. पण समितीत मला विचारतील, बाई सभेत बोलली का. मी काय सांगू? जी आपल्यापुढे तोंड उघडत नाही ती उद्या साहेबांपुढे काय उघडणार?"

आई म्हणाली, "सभा कुठे भरते तेच आपण चुकीचं धरलं होतं. इथून वीस पावलांवर भरते. चला."

ओसरीवर शेवटच्या जेवणाची तयारी चालली होती. सुमतीबाईंसाठी पोते अंथरले. त्यांनी रुमाल काढला, पोत्याकडे पाहिले, रुमाल परत ठेवला आणि बसल्या. जाईबाईने सूप सरकवले. सुमतीबाईंनी आईकडे पाहिले. आई आधीच निवडायला लागली होती. त्यांनीही सुपात हात घातला.

थोड्या वेळाने जाईबाई म्हणाली, "बाई, खडे टाका. तांदूळ नका टाकू."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सुमतीबाईही हसल्या, आणि त्यांनी विचारले, बालवाडी किती वाजता भरवाल.

"उजाडल्यावं."

"नियम अकराचा आहे."

"नियम करणारी अकराला जेवून निघत असंल," जाईबाई म्हणाली. नजर सुपावरच होती. "आमची बाई भाताच्या आवणीच्या दिसांत उजाडता चिखलात उतरती. तवा पोर कुठं ठेवायचं हा घोर असतो. अकराला मी पोरं गोळा करून काय करू? तवर एखादं नदीवर गेलेलं असतंय." ती थांबली, एक खडा टाकला. "आंबेपाड्याचं एक गेलं. माझ्या जावेचं."

सुपांचा आवाज थांबला नाही. सुमतीबाईंनी आणखी विचारले, जाईबाई सांगत गेली: किती घरे, कुणाचा ओटा मोठा, खाऊ कोण शिजवेल, म्हातारीची गाणी. एका सुपाचे तांदूळ निवडून झाले. शेवटी सुमतीबाई म्हणाल्या, "एवढं सगळं येतं तुम्हाला. मग सभेत उभ्या कधी राहणार?"

जाईबाईने पहिल्यांदा मान वर केली.

"बालवाडी नदीपल्याड गेली, तर राहीन की उभी."

सुमतीबाईंनी तिथेच, पोत्यावर बसून, मांडीवर फाईल धरून सही केली. फॉर्मवरच्या तीन पर्यायांपैकी एकावरही खूण केली नाही. खाली मोकळ्या जागेत आईने लिहिले: हिचे ऐकले जाते. पुढच्या शिबिराच्या वहीत तिने एक नवा रकाना आखला आणि त्याला हेच नाव दिले: कुणाचे ऐकले जाते. तो भरायचे काम मला नंतरच्या उन्हाळ्यांतही मिळाले, आणि रेघा ओढण्यापेक्षा ते फार अवघड होते. नोकरीचा अर्ज करताना लागतात तसे अनुभवाचे दाखले माझ्याकडे कधी नव्हते. नाशिकच्या एका दैनिकाने मला घेतले तेव्हा मी ती पानेच दाखवली होती.

बालवाडी आंबेपाड्याला मिळाली आणि उजाडता भरू लागली. सहा-सात वर्षांनी, मी बातमीदार झाले होते तेव्हा, ती हलवण्याची गोष्ट निघाली. कुणा नव्या अधिकाऱ्याने नकाशा पाहिला होता, आणि नकाशात मोठे गाव जवळ दिसत होते. तालुक्याच्या ठिकाणी बैठक होती. मी मागच्या बाकावर होते. पुढे पुरुष, एका बाजूला जमिनीवर पाड्यांच्या बायका. त्यांच्यात जाईबाई होती. केस पांढरे व्हायला लागले होते. हिरा तिच्या शेजारी बसली होती, अंगाने भरलेली. अधिकारी वेळ सांगत होते, अंतर सांगत होते. हिराने मध्येच वाकून जाईबाईच्या मांडीवरचे तान्हे पोर, पाड्यावरच्या कुणाचे तरी, आपल्याकडे घेतले. ते पाहिले आणि मी पेन उघडले. बाकीच्या बायका किंचित सरकून बसल्या. जाईबाई उभी राहिली.

अधिकाऱ्यांना वाटले बाहेर जायचे असेल. "जा ना बाई, दार तिकडे आहे," ते म्हणाले.

जाईबाई गेली नाही. पदर सारखा केला, समोर बघितले, आपले नाव सांगितले, पाड्याचे नाव सांगितले, अगदी आईने शिकवले होते त्या क्रमाने, आणि मग बोलली. तिचा आवाज पत्र्याला लागतो हे मला त्या दिवशी कळले. ती काय बोलली ते दुसऱ्या दिवशीच्या अंकात आतल्या पानावर आले, एक विशेषण न घालता. बालवाडी हलली नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी माळ्यावरून जुनी आडवी वही काढली. जाईबाईच्या नावासमोर शून्यांची रांग तशीच होती, शेवटच्या चौकोनापर्यंत. समासात थोडी जागा होती. तिथे मी एक रेघ ओढली. आई मागे येऊन उभी राहिली होती. निवृत्त होऊन तिला वर्ष झाले होते. तिने चष्मा लावला, रेघ पाहिली, शून्ये पाहिली.

"तारीख घाल," ती म्हणाली.